'कन्डोल' कुणाला करायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

नाशिकहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 36, बी.कॉम., शिक्षण मराठी माध्यमातून. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासण्याचं काम करतात. टीमच्या प्रमुख बाई इंग्लंडात, लीड्सला असतात. गेल्या महिन्यात त्या बाईंची आई वारली. ताईंनी मेल पाठवला: 'आय कन्डोल द सॅड डिमाइस ऑफ युवर मदर. मे हर सोल रेस्ट इन पीस.' उत्तर आलं दोनच शब्दांचं, 'थँक यू'. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने चारचौघांत ऐकवलं, की 'कन्डोल'पुढे थेट कर्म येत नाही, 'कन्डोल विथ' म्हणतात, आणि हा मेल म्हणजे पेपरची हेडलाइन झाली. सगळे हसले. तेव्हापासून ताई मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. माफीचा मेल पाठवू का? अशा वेळी बरोबर क्रियापद कोणतं? आणि इंग्रजी पक्कं होईपर्यंत असे मेल लिहिणं थांबवू का? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: 'मराठीत तरी कुठे जमतं? दोन महिन्यांपूर्वी संगमनेरला आत्याचे यजमान गेले, तेव्हाही काय बोलावं सुचेना. ग्रुपवर जोडलेले हात टाकले आणि सुटले.'

उत्तर:

ताई,

तुमच्या सहकाऱ्याचं व्याकरण बरोबर आहे. हे आधीच मान्य करून टाकू, म्हणजे पुढे त्याच्याकडे सारखं वळून बघायला नको. इंग्रजी शब्दकोशात 'कन्डोल' हे अकर्मक क्रियापद म्हणून सापडतं. माणसाआधी 'विथ' येतं, घडलेल्या गोष्टीआधी 'ऑन' किंवा 'ओव्हर'. म्हणजे नियमाप्रमाणे 'आय कन्डोल विथ यू ऑन द डेथ ऑफ युवर मदर'. आता हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. व्याकरण चोख, पण लीड्समध्ये आज कुणी कुणाला असं म्हणत नाही. तुम्ही 'विथ' घातलं असतं तरी मेल तितकाच कोरडा राहिला असता. हेडलाइनचं जे तो बोलला ते मात्र खरं आहे, त्याला स्वतःला वाटलं असेल त्यापेक्षा जास्त खरं. तिथूनच सुरुवात करू.

हा शब्द तुम्ही शिकलात कुठे? शाळेत नक्कीच नाही. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, एकाही धड्यात तो मला भेटल्याचं आठवत नाही. तो तुम्ही इंग्रजी पेपरात वाचलात. कुणी मोठं माणूस गेलं की शीर्षक ठरलेलं असतं: पंतप्रधान 'कन्डोल्स' अमुक यांचं निधन, मुख्यमंत्री 'कन्डोल्स' तमुक यांचं निधन. भारतीय इंग्रजीत मधलं 'विथ' कधीच गळून पडलं आणि मृत्यू हेच त्या क्रियापदाचं कर्म झालं. पेपरवाल्यांचंही बरोबर आहे. दुःख व्यक्त केलं हे सांगायला 'एक्स्प्रेसेस ग्रीफ ओव्हर' असे तीन शब्द खर्चायचे, तिथे एकात भागतं. सरकारी पत्रकांतही हेच रूप चालतं. म्हणजे तुम्ही जे लिहिलंत ते तुमच्या मनचं नाही; आपल्या देशात रुळलेल्या इंग्रजीतलं आहे.

शिवाय या क्रियापदाला थेट कर्म इंग्लंडातही एके काळी चालत होतं. शेक्सपिअरच्या 'हेन्री पाचवा' या साधारण 1599 मधल्या नाटकात पिस्टल नावाचा एक बढाईखोर गडी म्हणतो, चला, त्या सरदाराला 'कन्डोल' करू. मध्ये 'विथ' नाही. मजा म्हणजे तो सरदार, फॉलस्टाफ, तेव्हा नुसता आजारी असतो, मेलेला नसतो. हे चहाच्या टपरीवर जाऊन कुणाला ऐकवायची गरज नाही. पण कॅमेरा बंद करून बसताना तुम्हाला तेवढं माहीत असावं.

असं असूनही मी 'विथ'च्या बाजूने आहे, आणि ते व्याकरणासाठी नव्हे. 'कन्डोल' लॅटिनमधून आला. 'कॉन' म्हणजे सह, 'डोलेरे' म्हणजे वेदना होणं. म्हणजे सरळ आपली सहवेदना. ग्रीकमधून आलेल्या 'सिम्पथी'ची घडणही हीच. चौकातल्या फलकावर 'आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत' असं वाचतो ना, तो त्या लॅटिन शब्दाचा जवळजवळ शब्दशः अर्थ. आता सहवेदना व्हायची ती माणसाबरोबर. मृत्यूबरोबर कशी होणार? हेडलाइनने 'विथ' काढलं, आणि त्याबरोबर ज्याच्या घरी ते घडलं तो माणूसही वाक्यातून निघून गेला. उरले फक्त शोक व्यक्त करणारे साहेब आणि निधन.

तुमचा मेल या नजरेने परत वाचा. त्यात 'आय' आहे, 'डिमाइस' आहे, 'सोल' आहे. लीड्सच्या बाई कुठे आहेत? त्या फक्त 'युवर मदर'मधल्या 'युवर'मध्ये उभ्या आहेत, कडेला.

मला वाटतं तुमचा खरा घोळ इथे आहे. तुम्ही धरून चाललात की दुःखाच्या प्रसंगी एक बरोबर क्रियापद असतं, ते सापडलं की काम झालं. आनंदाचं तसं असतं. 'मी तुमचं अभिनंदन करते' हे वाक्य तोंडावर म्हणता येतं, म्हटलं की अभिनंदन होऊनही जातं. पण 'मी तुमचं सांत्वन करते' असं दारात उभं राहून कुणी म्हणेल का? 'मी शोक व्यक्त करते' असं? ही क्रियापदं बाहेरून बघणाऱ्याची आहेत. बातमीदार म्हणेल 'त्यांनी शोक व्यक्त केला', शेजारीण म्हणेल 'त्या सांत्वनाला गेल्या होत्या'. स्वतः गेलेला माणूस यातलं काहीच उच्चारत नाही. 'कन्डोल' त्याच जातीचं आहे. दुसऱ्याने केलेलं सांगायला ठीक, स्वतः करताना वापरायचं नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनात पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव येतो त्याची बातमी, सोसायटीच्या शोकसभेचा वृत्तान्त, मंडळाचा ठराव, अशा जागी ते शोभतं. तुम्ही कुठे सचिव असाल आणि इतिवृत्त इंग्रजीत लिहायचं असेल तर खुशाल लिहा की समितीने कुटुंबीयांशी 'कन्डोल' केलं. तिथे ते 'विथ' विसरू नका, एवढंच.

मराठीत दुःखाचं क्रियापद विचाराल तर मी सांगेन, 'जाणे'. आपण समाचाराला जातो, मातीला जातो, दहाव्याला जातो, भेटायला जातो. पुढचं क्रियापद 'बसणे'. जाऊन बसायचं. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतात; काही ठिकाणी त्याला 'कडू घास' म्हणतात. त्या पातेल्यावर काही लिहिलेलं नसतं. माझे वडील गेले तेव्हा घरी पुष्कळ लोक येऊन पुष्कळ बोलून गेले. त्यातलं एकही वाक्य आज आठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी वर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, 'रात्री आईजवळ झोपायला मी येऊ का, तू दोन दिवस जागीच आहेस.' ते आठवतं.

आणखी एक रीत तुम्हाला माहीत असेल. एरवी आपण कुणाच्याही घरून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. दुःखाच्या घरातून निघताना मात्र 'येते' म्हणायचं नसतं, आणि घरचेही 'या' म्हणत नाहीत. चपला घालायच्या आणि निघायचं. जन्मभर जिभेवर असलेलं क्रियापद त्या एका दारात गिळून टाकायचं. अशी रीत असलेल्या भाषेत वाढलेल्या बाईला एका इंग्रजी क्रियापदावरून महिनाभर तोंड लपवावंसं वाटावं, याचं मला वाईट वाटलं.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येते.

माफीचा मेल पाठवू नका. त्या 'थँक यू'चा तुम्ही फार मोठा अर्थ लावला. ज्या बाईची आई गेली तिने त्या आठवड्यात मिळालेल्या कित्येक मेलांना तेवढंच उत्तर दिलं असेल. 'कन्डोल'ला कर्म आहे की नाही हे तपासायला ती बसली नव्हती. तुम्ही आता माफी मागितलीत तर तिला पुन्हा तो दिवस आठवून वर तुमची समजूत काढावी लागेल. म्हणजे सांत्वन कुणी कुणाचं करायचं?

बरोबर शब्द कोणता, याचं उत्तर तुम्हाला कदाचित पटणार नाही. 'सॉरी'. हो, तोच. आपण तो टाळतो, कारण आपल्याकडे तो धक्का लागला की म्हणायचा शब्द आहे. 'मी काय केलंय, मी का सॉरी म्हणू?' असा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी यायचा. पण हा शब्द जुन्या इंग्रजीत 'दुःखी, व्यथित' याच अर्थाचा होता, आणि दुखऱ्या जागेसाठी इंग्रजीत जो 'सोअर' आहे तो त्याचा सख्खा नातलग. माफी हा अर्थ नंतर येऊन बसला. म्हणून 'आय ॲम सो सॉरी अबाउट युवर मदर' म्हणजे 'तुमच्या आईचं कळलं, फार वाईट वाटलं'. आपण मराठीत नेमकं हेच म्हणतो. तिकडे हेच म्हणतात, साहेबही आणि शिपाईही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मात्र घात होतो. 'आय फील सॉरी फॉर यू' लिहिलंत तर त्याचा सूर 'तुमची कीव येते' असा लागतो. 'पिटी' हा शब्दही त्याच कारणाने दूर ठेवा.

औपचारिक पत्र असेल, कंपनीच्या वतीने कार्ड जायचं असेल, तर नाम वापरा, 'कन्डोलन्सेस', अनेकवचनी. क्रियापद जवळजवळ अडगळीत गेलं तरी हे नाम तिकडे जिवंत आहे. इंग्लंडातल्या दुकानात अशा वेळी पाठवायची वेगळी कार्डं मिळतात, त्यांना 'सिम्पथी कार्ड' म्हणतात.

बाकीच्या शब्दांबद्दलही थोडं सांगते, कारण असे प्रश्न बऱ्याच वाचकांकडून येतात. 'मोर्न' म्हणजे दुखवटा पाळणं. ज्याचं गेलं तो 'मोर्न' करतो, भेटायला येणारा नाही. 6 फेब्रुवारी 2022 ला लता मंगेशकर गेल्या, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, झेंडे अर्ध्यावर आले. देश 'मोर्न' करत होता. पेडर रोडच्या घरी जाऊन जे मंगेशकर कुटुंबीयांना भेटले ते 'कन्डोल विथ' करत होते. राणी व्हिक्टोरियाचा नवरा 1861 च्या डिसेंबरात गेला, आणि ती 1901 मध्ये जाईपर्यंत काळ्याच कपड्यांत राहिली. तेही 'मोर्निंग'च, फार लांबलेलं. 'लॅमेंट' म्हणजे विलाप, आवाज करून रडणं. पेपरात हल्ली तो रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल हळहळ करायला वापरतात, तेव्हा मेलमध्ये नको. 'कमिसरेट' मॅच हरली, प्रमोशन हुकलं, अशा वेळचा. मरणाला तो हलका पडतो. 'रिग्रेट' तुमच्या हातून काही घडल्याचा वास देतो, किंवा नोकरी नाकारणाऱ्या पत्राचा. 'डिप्लोर' तर विसरूनच जा. मुळात त्याचा अर्थ धाय मोकलून रडणं असा होता, आज तो निषेध करणं असा आहे.

'ग्रीव्ह' मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. तो लॅटिन 'ग्राविस'वरून आला, म्हणजे जड. आपला 'गुरू' हा शब्दही त्याच प्राचीन मुळाचा. गुरू म्हणजे आधी वजनदार, मग शिकवणारा. पोर्तुगीजमध्ये दुखवट्याच्या वेळी म्हणायचा शब्द आहे 'पेझामिश', गोव्यातल्या जुन्या घरांतून तो ऐकलेला असेल. त्याचं मूळ 'मला जड होतंय' असं. आणि आपण तर 'जड अंतःकरणाने' हे इतक्या वेळा छापलं की त्यातलं वजनच जाणवेनासं झालं. सगळ्यांनाच ते ओझ्यासारखं वाटलेलं दिसतं. म्हणून लीड्सच्या बाई 'ग्रीव्ह' करत असतील. तो त्यांचा शब्द, त्यांच्याबद्दल बोलताना वापरायचा. तुमच्याकडे ओझ्याचं एखादं टोक धरायचं काम आहे.

ते कसं धरायचं? मेल असा असता तर, बघा: 'आय ॲम सो सॉरी अबाउट युवर मदर. आय रिमेंबर यू टेलिंग अस अबाउट हर गार्डन. प्लीज डोन्ट वरी अबाउट द मंथ-एंड फाइल्स, वी हॅव देम.' बागेचं मी मनाने घातलं. तुम्हाला जे आठवत असेल ते घाला. आईबद्दल त्या कधी काही बोलल्याच नसतील तर ते वाक्य गाळा, खोटं नको. तिसरं वाक्य मात्र सोडू नका. त्या कागदपत्रांचं ओझं खरोखर तुमच्या हातात आहे, तुमचा तो पिठलं-भात आहे. 'सॅड डिमाइस' कशाला? आनंदी निधन थोडंच असतं! 'एक्स्पायर्ड' आपल्याकडे माणसांना लावतात, तिकडे तो औषधांना आणि लायसन्सला लावतात. 'रेस्ट इन पीस' ही मुळात लॅटिनमधली ख्रिस्ती प्रार्थना. समोरच्या घरात ती चालते हे माहीत असेल तर म्हणा, नसेल तर नको.

वेळ गेली असंही समजू नका. आपल्याकडे तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, की बोलायचं राहून गेलं असं वाटतं. इंग्लंडात अंत्यसंस्कारच बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांनी होतो, आणि त्यानंतरही लोक चार ओळी लिहीत राहतात. पुढच्या मीटिंगला कॅमेरा सुरू करा. काम सुरू व्हायच्या आधी एक वाक्य: 'इट्स गुड टू हॅव यू बॅक. आय हॅव बीन थिंकिंग ऑफ यू.' तेवढ्यावर थांबा. त्या बोलल्या तर ऐका, विषय बदलला तर बदलू द्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलंच. लिहिणं थांबवू नका, लांब लिहिणं थांबवा. तुमचं इंग्रजी या तीन वाक्यांना पुरेसं आहे. तुम्ही रोज दाव्यांच्या फायलींमध्ये यापेक्षा कितीतरी अवघड लिहिता.

तो सहकारी? त्याला काही सांगू नका. कुणाच्या आईच्या मरणावर लिहिलेल्या मेलमधली चूक चारचौघांत काढावीशी वाटली, यात त्याचं त्यालाच काय ते कळायचं असेल तर कळेल.

राहिली ती शेवटची ओळ. खरं सांगू का, मी तुमचं पत्र छापायला घेतलं ते त्या ओळीमुळे. 'मराठीत तरी कुठे जमतं' असं तुम्ही सहज लिहून गेलात. म्हणजे अडचण इंग्रजीची नव्हतीच. ग्रुपवर जोडलेले हात टाकले की आपण 'कन्डोल्स' केलेलं असतं, विथ न लावता. त्या चिन्हांच्या रांगेत आत्याने तुमचं नाव शोधलं असेल का? मला वाटतं, असेल. आणि दोन महिन्यांनी तिच्याकडे येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असणार. पहिल्या तेरा दिवसांत माणसांना बसायला सतरंजी पुरत नाही आणि नंतर दुपारी चहा एकटीनेच करून प्यायचा असतो.

तिला फोन करा. 'काय बोलावं सुचलं नाही, म्हणून फोन केला नाही' हे खरं आहे, तेच सांगा. ती रागावणार नाही. काकांबद्दल तुम्हाला आठवत असलेली एखादी बारीक गोष्ट काढा, म्हणजे तिला त्यांच्याबद्दल बोलता येईल. लोक नेमकं तेच टाळत असतात, आठवण काढली तर ती रडेल म्हणून. मग रडू दे. संगमनेर काही लांब नाही, एसटीने दोन तासांचा रस्ता. शनिवारी जा, रात्री राहा, रविवारी जेवून निघा.

आता दोन महिने उलटून गेलेत. निघताना दारात खुशाल 'येते' म्हणा.